चापाचा सुटा भाग आणि शस्त्राचा कायदा : नेमबाजांच्या सामूहिक खरेदीपुढील पेच

नवी दिल्ली : .२२ बोअरच्या रायफलने पन्नास मीटरवर नेम धरणाऱ्या आठ-दहा नेमबाजांनी एकत्र यावे, आपापल्या रायफलीला बसणारे चापाचे सुधारित संच परदेशी उत्पादकाकडून एकाच पार्सलने मागवावेत आणि वाहतूक, विमा, कागदपत्रे यांचा खर्च वाटून घ्यावा, ही कल्पना ऐकायला अगदी साधी वाटते. सहकारी संस्थांतून खते-बियाणे एकत्र आणण्याची सवय असलेल्या समाजाला तिच्यात वावगे काही दिसणारही नाही. मात्र भारतात असे पार्सल विमानतळावर उतरले की ते यंत्राचा सुटा भाग राहत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार ते शस्त्रच ठरते आणि ज्याच्या नावावर ते आले, तो खेळाडू कायद्याच्या दृष्टीने शस्त्रांचा आयातदार होतो.

पॅरिस ऑलिम्पिकमधील तीन पदकांनंतर देशभरातील रेंजवर नवोदितांची गर्दी वाढली आहे आणि लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकची तयारी सुरू आहे. अशा वेळी या पेचाकडे केवळ हौशी मंडळींची तक्रार म्हणून पाहून चालणार नाही. स्पर्धात्मक दर्जाच्या रायफली भारतात जवळपास सर्वच परदेशी आहेत. जर्मनीतील उल्म आणि ओबेर्नडोर्फ ही गावे, स्वित्झर्लंडमधील छोटे कारखाने, ऑस्ट्रिया आणि इटलीतील मोजके उत्पादक एवढ्यांवर हा खेळ जगभर उभा आहे. रायफल परदेशी असेल, तर तिचा चाप, स्प्रिंग, पिन आणि स्क्रूही परदेशीच असणार.

चापाला एवढे महत्त्व का, हे लक्ष्याच्या मापांवरून कळते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. पन्नास मीटर रायफलमध्ये दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते आणि गुण दशांशात मोजले जातात. नेमबाजाने श्वास रोखलेला, नेम स्थिरावलेला, अशा क्षणी बोटाच्या दाबाने रायफल केसभर जरी हलली तरी दहाचे नऊ होतात. चांगल्या चापात दाबाचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात बोट सैलपणा काढून घेते आणि दुसऱ्या टप्प्याच्या उंबरठ्यावर थांबते. तेथून पुढचा दाब नेहमी तेवढाच, नेहमी तेथेच लागला पाहिजे. आतल्या दोन पोलादी पृष्ठभागांची पकड झिजली, की हा उंबरठा सरकू लागतो. मग खेळाडूच्या सरावातील सातत्य कितीही असो, यंत्र त्याला साथ देत नाही.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम आणि पंचवीस मीटर पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम दाब आवश्यक असतो; दहा आणि पन्नास मीटर रायफलला मात्र अशी किमान मर्यादा नाही. त्यामुळे रायफल नेमबाज चाप अतिशय हलका ठेवतात. चाप जितका हलका तितका तो नाजूक आणि त्याची देखभालही तितकीच काटेकोर. सुधारित संचांना मागणी येते ती येथून. हौसेने वस्तू बदलण्याचा हा प्रकार नव्हे.

सुट्या भागाची किंमत किती मोठी असू शकते, हे देशाने टोकियोत पाहिले. २५ जुलै २०२१ रोजी महिलांच्या दहा मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाची कॉकिंग लिव्हर तुटली. दुरुस्तीत मौल्यवान मिनिटे गेली, उरलेले नेम घाईत घ्यावे लागले आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनेच दोन कांस्यपदके मिळवली. ऑलिम्पिक संघातील खेळाडूजवळ प्रशिक्षक असतो, राखीव पिस्तूल असते, उत्पादकाचा तंत्रज्ञ स्पर्धास्थळी हजर असतो. जिल्हा पातळीवरील नेमबाजाकडे यांपैकी काहीच नसते. त्याचा चाप बिघडला, तर त्याचा हंगामच थांबतो.

येथूनच सामूहिक खरेदीचा विचार जन्म घेतो. काही ग्रॅम वजनाच्या एका संचासाठी स्वतंत्र पार्सल, स्वतंत्र विमा, स्वतंत्र सीमाशुल्क दलाल आणि स्वतंत्र पत्रव्यवहार करायचा, तर वस्तूपेक्षा तिला आणण्याचाच खर्च अधिक होतो. परदेशी उत्पादकही एकेका संचासाठी निर्यातीच्या कागदपत्रांचा खटाटोप करायला नाखूश असतात. दहा संचांची मागणी आली, तर तेच उत्तर देतात. मग कोणीतरी एक पुढाकार घेतो. रायफलींची मॉडेले लिहून घेतो, आगाऊ रक्कम गोळा करतो, युरोचा भाव पाहतो आणि मागणी नोंदवतो. बहुतेक वेळा हा माणूस क्लबमधला सर्वांत उत्साही आणि सर्वांत विश्वासू असतो. कायद्याचा सगळा भारही त्याच्याच खांद्यावर येऊन पडतो.

शस्त्र अधिनियमातील शस्त्राच्या आणि अग्निशस्त्राच्या, दोन्ही व्याख्यांत सुट्या भागांचा समावेश आहे. कोणते भाग, हे तेथे सांगितलेले नाही. नळी असो वा चापाची स्प्रिंग, शब्द एकच आहे. कलम १० नुसार शस्त्रांच्या आयातीला परवाना लागतो. याच कलमात एक सूट आहे : ज्याला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर अधिकार आहे, तो स्वतःच्या खासगी वापरासाठी, वाजवी प्रमाणात, ते स्वतःबरोबर विनापरवाना देशात आणू शकतो. यातील प्रत्येक शब्द सामूहिक खरेदीच्या विरोधात जातो. कुरियरने आलेले पार्सल 'स्वतःबरोबर' आणलेले नसते. दहापैकी नऊ संच इतरांसाठी असल्याने वापर 'स्वतःचा' राहत नाही. आणि प्रमाण 'वाजवी' आहे का, याबद्दल शंका आली, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत माल अडवून ठेवण्याचा अधिकार सीमाशुल्क अधिकाऱ्याला त्याच कलमाने दिला आहे.

माल सुटला, तरी पुढचा टप्पा आहेच. कलम ५ नुसार अग्निशस्त्राची विक्री, हस्तांतरण, रूपांतर आणि दुरुस्ती यांसाठी परवाना लागतो. परवानाधारकाला स्वतःच्या वापराचे शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला विनापरवाना देता येते, पण त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी वा पोलिसांना लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. आणि ही मुभा मुळात स्वतःच्या वापरासाठी बाळगलेल्या शस्त्रापुरती आहे. वाटून देण्यासाठीच आणलेल्या मालाला ती लावता येणे कठीण. नफा न घेता, आणलेल्या किमतीतच संच मित्राच्या हाती ठेवला, तरी ते हस्तांतरणच होते. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाच्या भंगासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा ठरवली आहे. बेकायदा शस्त्र तस्करीचा नवा गुन्हाही तिने आणला आणि त्याच्या व्याख्येत आयात, संपादन, हस्तांतरण असे सगळे शब्द आहेत. कोणी पोलीस अधिकारी क्लबमधील नेमबाजावर हे कलम लावेलच असे नाही. पण उद्या कोणी लावले, तर 'आम्ही फक्त कुरियरचा खर्च वाचवत होतो' हा बचाव न्यायालयात किती टिकेल, याचा विचार पुढाकार घेणाऱ्याने आधीच करायला हवा.

परकीय व्यापाराच्या नियमांतही हीच गाठ आहे. वैयक्तिक वापरासाठी वस्तू आणणाऱ्याला आयात-निर्यात संकेतांक काढावा लागत नाही. इतरांसाठी आणणारा या सवलतीच्या बाहेर जातो. शिवाय सीमाशुल्क दरपत्रकाच्या ९३ व्या प्रकरणात सुट्या भागांचे एकच शीर्ष आहे आणि त्यात लष्करी शस्त्रांपासून एअर गनपर्यंत सर्वांचे भाग येतात. २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या, .१७७ बोअरच्या एअर रायफलीला देशात परवाना लागत नाही. तिच्या चापाचा संच मात्र कागदावर अग्निशस्त्राच्या भागांशेजारीच बसतो. खोक्यात काय आहे हे ओळखण्याइतके तांत्रिक ज्ञान प्रत्येक कुरियर टर्मिनलवरील अधिकाऱ्याकडे असेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

मालाच्या दुसऱ्या टोकालाही कायदा आहे. युरोपीय संघाची २०१२ ची नियमावली नागरी वापराची अग्निशस्त्रे व त्यांचे भाग संघाबाहेर पाठवण्यासाठी निर्यात परवाना मागते, आणि आयात करणाऱ्या देशाने आधी संमती दिली आहे की नाही हेही पाहते. एखादा सुटा भाग शस्त्राच्या कार्यासाठी अत्यावश्यक मानायचा की नाही, यावर पुढचे सगळे ठरते. अमेरिकेने मार्च २०२० मध्ये बिगरस्वयंचलित शस्त्रे व त्यांचे बहुतेक भाग परराष्ट्र खात्याच्या यादीतून वाणिज्य खात्याकडे वळवले. २०२४ मध्ये नियम कडक केले आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. अशा बदलत्या व्यवस्थेत परदेशी विक्रेता पहिला प्रश्न विचारतो तो अंतिम वापरकर्ता कोण, हाच. दहा जणांच्या वतीने मागणी करणाऱ्या एका व्यक्तीकडे या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नसते.

सरकारी यंत्रणेचा संशय निराधार आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. बंदुकीचा स्वभाव बदलतो तो चापाच्या यंत्रणेतच. अमेरिकेत अर्धस्वयंचलित पिस्तुलाला सलग गोळीबार करायला लावणारा नाण्याएवढा तुकडा पोलिसांची डोकेदुखी झाला आहे आणि तेथील कायदा त्या एकट्या तुकड्यालाच मशीनगन मानतो. बंप स्टॉकच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १४ जून २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, तो 'चापाची एक क्रिया' म्हणजे काय, या एका प्रश्नावर फिरला. निकालपत्रात चापाच्या आतील रचनेच्या आकृत्याही छापल्या गेल्या. भारतातही नेमबाजांसाठीच्या सवलतींच्या आडून विदेशी शस्त्रे आणल्याच्या आरोपांचा तपास महसूल गुप्तचर संचालनालयाने केलेला आहे. खेळाच्या नावाखाली आलेले प्रत्येक खोके निर्धोकच असते, हा दावा खेळाडूंनीही करू नये.

तरीही दोन वस्तूंतील भेद तांत्रिकदृष्ट्या अगदी स्पष्ट आहे. ऑलिम्पिक प्रकारांतील रायफल एकेका गोळीची असते. प्रत्येक नेमानंतर बोल्ट हाताने मागे ओढून नवे काडतूस भरावे लागते. तिचा चाप कितीही सुधारला, तरी ती स्वयंचलित होऊ शकत नाही. शस्त्राची मारकशक्ती असते ती नळी, बोल्ट आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या मुख्य चौकटीत. ब्रिटनने २०१७ च्या कायद्यात अग्निशस्त्राचे घटक भाग कोणते, याची यादीच दिली आणि त्यात चाप नाही. युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशातील अत्यावश्यक घटकांच्या यादीतही तो नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००१ च्या अग्निशस्त्र प्रोटोकॉलने घटकांची नावे घेतली आहेत, तीही नळी, चौकट, स्लाइड, सिलिंडर, बोल्ट अशीच. या देशांत शस्त्रांवरील नियंत्रण भारतापेक्षा ढिले आहे, असे ब्रिटनबाबत तरी कोणी म्हणणार नाही. त्यांनी फक्त कशावर नजर ठेवायची ते ठरवून घेतले आहे.

भारताने वेगळी वाट धरली. येथे सवलत वस्तूच्या स्वरूपावर नाही, तर व्यक्तीच्या दर्जावर दिली जाते. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक किमान गुण मिळवणारा खेळाडू 'नामांकित नेमबाज' ठरतो आणि त्याच्यासाठी दारे उघडतात. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आणली. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने नामांकित नेमबाजांसाठी ती प्रकारांच्या संख्येनुसार बारापर्यंत वाढवली. सीमाशुल्कातील सवलतही त्यांनाच आहे. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर नेमबाजांच्या आयातीवरील कराचा जो गोंधळ उडाला, त्यातून नोव्हेंबर २०१७ च्या परिषदेने मार्ग काढला तोही 'असामान्य कर्तृत्वाच्या खेळाडूंपुरता'.

पदकविजेत्यांना हे मिळालेच पाहिजे. अडचण त्यांच्या खालच्या पायरीवर आहे. १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तेव्हा तिची धुरा लोकसभेचे पहिले अध्यक्ष ठरलेले गणेश वासुदेव मावळंकर यांनी वाहिली. त्यांच्याच नावाने होणारी अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावरील चाळणी आहे. या चाळणीतून वर जाऊ पाहणारा खेळाडू अजून नामांकित नसतो. म्हणून त्याला सवलतीत सुटे भाग मिळत नाहीत, आणि झिजलेल्या चापाने खेळल्यामुळे ते किमान गुण त्याच्या हाती लागत नाहीत, असे हे वर्तुळ आहे. दर्जा मिळाल्यावर साधने द्यायची आणि दर्जा मात्र साधनांशिवाय मिळवायचा, ही अपेक्षा महागड्या खेळात श्रीमंत घरांतील मुलेच पुरी करू शकतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीसारख्या गावातून आलेला स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी शातोरू येथे ४५१.४ गुणांसह पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदकाचा मानकरी ठरला. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शासकीय योजनेतून त्याला सुरुवातीची साधने आणि रेंज मिळाली, म्हणून ते शक्य झाले. ज्या राज्यांत अशी व्यवस्था नाही, तेथील मुलामुलींसमोर सामूहिक खरेदीसारखे मार्ग उरतात.

कायदा न बदलताही काही करता येण्यासारखे आहे. मागणी एकत्र करण्याची कल्पना योग्यच आहे. फक्त ती एकत्र करणारा हात व्यक्तीचा नसावा. मान्यताप्राप्त रायफल क्लब आणि राज्य संघटना यांना कायद्यात आधीच वेगळे स्थान आहे; त्यांच्या सदस्यांना लक्ष्यसरावासाठी .२२ रायफल व एअर रायफल वापरण्यापुरती शस्त्रांच्या संख्येच्या मर्यादेतून सूट कलम ३ मध्येच आहे. राज्य संघटनांनी हंगामापूर्वी सदस्यांच्या मागण्या रायफलच्या मॉडेल व अनुक्रमांकासह गोळा कराव्यात, राष्ट्रीय संघटनेने त्यांची एक मागणी करून परवानाधारक विक्रेत्यामार्फत आयात करावी, आणि प्रत्येक संच ज्या रायफलसाठी आला त्या रायफलच्या नोंदीवरच चढवावा, अशी व्यवस्था झाली, तर परदेशी विक्रेत्याला अंतिम वापरकर्ता कळतो आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यालाही खोक्यातील प्रत्येक तुकड्याचा हिशेब मिळतो. संच बसवण्याचे कामही परवानाधारक कारागिराकडेच गेले पाहिजे. हे केवळ दुरुस्तीला परवाना लागतो म्हणून नव्हे. घरच्या टेबलावर नको तितका हलका केलेला चाप धक्क्याने सुटतो आणि गजबजलेल्या रेंजवर सुटलेली गोळी कोणाची वाट पाहत नाही.

याला पूरक असे दुसरे पाऊल गृहमंत्रालयाच्या हाती आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत दुरुस्ती करून नळी, बोल्ट, मुख्य चौकट यांसारखे मुख्य घटक एका बाजूला आणि एकेरी गोळीच्या क्रीडा रायफलीचे चाप, दस्ते, दर्शनी यंत्रणा असे पूरक भाग दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी करता येईल. अर्धस्वयंचलित शस्त्रांना बसणारे चापाचे भाग अर्थातच पहिल्याच गटात ठेवावे लागतील, आणि ते तसे ठेवण्यास कोणा प्रामाणिक खेळाडूचा आक्षेप असण्याचे कारण नाही.

देशी पर्याय हा दूरचा पल्ला आहे. आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन १ ऑक्टोबर २०२१ पासून ईशापूरचा रायफल कारखाना नव्या सरकारी कंपनीत गेला. तेथील क्रीडा रायफली शिकाऊंच्या उपयोगाच्या आहेत, आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नाहीत. खासगी क्षेत्रात एअर रायफलींचे काही उत्पादक पुढे येत आहेत. सूक्ष्म यंत्रकाम करणारे कारखाने पुणे, कोल्हापूर, बंगळूर, कोइंबतूर येथे मुबलक असताना पोलादाचे दोन घासलेले तुकडे देशात होऊ नयेत, याला तांत्रिक कारण नाही. पण ते बनवायलाही शस्त्रनिर्मितीचा परवाना लागतो, आणि काही शे संचांच्या बाजारासाठी तो काढण्याच्या भानगडीत पडायला सुट्या भागांचा कारखानदार तयार होत नाही.

तोवर रेंजवरची मागणी थांबणार नाही. नव्या हंगामापूर्वी कोणीतरी पुन्हा वहीत नावे लिहून घेईल, रक्कम गोळा करील आणि परदेशी विक्रेत्याला पत्र धाडील. त्या पत्रावर स्वतःची सही करण्यापूर्वी त्याने ते राज्य संघटनेच्या कार्यालयात नेऊन तिच्या शिक्क्यानिशी पाठवण्याची मागणी करावी, हा सध्याच्या कायद्यात उरलेला सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. आणि तो नाकारला गेल्यास, नकार लेखी मागून घ्यावा.